नवा रेड-५ रखडतोय? चंक साइझला सगळ्यात शेवटी हात लावा

रेड-५ म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एक संच (ॲरे), ज्यातली एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. लक्षणं आधी सांगतो. तुमचं दुखणं यातलंच आहे का ते बघा.

- नवा चार डिस्कचा ॲरे. पहिली दोन-तीन मिनिटं कॉपी सुसाट, मग वेग धपकन दहा-पंधरा एमबीवर.
- सगळे घरी गेले तरी डिस्कचे दिवे रात्रभर लुकलुकत राहतात.
- ॲरे आत्ताच बनवलाय, डिस्क नव्याकोऱ्या, आणि तरी चारातली एक जागेवर नाही असं दिसतं.
- काम किती उरलंय ते बघितलं तर हजारो मिनिटांचा आकडा.
- महिनाभर सगळं ठीक, एखाद्याच रविवारी मशीन चिखलात रुतल्यासारखं.
- मोठा व्हिडिओ बरा चालतो, पण प्रोजेक्ट सेव्ह करताना किंवा हजारभर छोट्या फायली उतरवताना जीव जातो.

फोंड्याला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक व्हिडिओवाले: लग्नं, मुंजी, जत्रेतली नाटकं, चवथीची भजनं. शिवाय सीसीटीव्हीवाली दोन-चार हॉटेलं. फोन ठरलेला असतो. "काल सांजेमेरेन बरें चलतालें, आज कितें जालें कळना." आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य: "चंक साइझ चुकली असणार. पुसून परत बनवूया?"

नको. चंक म्हणजे एका डिस्कवर एका वेळी लिहायचा तुकडा, आणि इतक्या वर्षांत तो चंक हाच खरा दोषी निघाल्याची प्रकरणं मी बोटांवर मोजू शकेन. पुसून परत बनवला की इनिशियलायझेशन, म्हणजे डिस्क एकमेकींशी जुळवून घेण्याचं सुरुवातीचं काम, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणजे ज्या कारणाने मशीन मंद झालं तेच कारण तुम्ही हौसेने परत ओढवून घेता.

खालच्या तपासण्या फुकटापासून महागापर्यंत, या क्रमाने करा. मी मुख्यतः लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडबद्दल, म्हणजे एमडी-ॲडमबद्दल बोलतोय. कंट्रोलर कार्डवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचं रेड वेगळं कार्ड सांभाळतं त्यांच्यासाठी, वेगळा भाग पुढे आहे. आज्ञांची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची.

काही न करता नुसतं बघा: रीसिंक चालू आहे का?

प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट ही फाईल उघडा. फुकट आहे, डेटाला धोका शून्य, आणि निम्म्याहून अधिक फोन इथेच संपतात. तिथे 'रीसिंक', 'रिकव्हरी' किंवा 'चेक' यातला शब्द आणि शेजारी टक्केवारी दिसली तर मशीन बिघडलेलं नाही, कामात आहे.

हे काम कसलं? रेड-५ मध्ये प्रत्येक पट्ट्यात तीन डिस्कवर डेटा आणि चौथीवर त्यांची पॅरिटी, म्हणजे त्या तिन्हींवरून काढलेला पडताळ्याचा हिशेब, असते, आणि पॅरिटीची जागा पट्ट्यागणिक फिरत जाते. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर परत काढता येतो तो या पॅरिटीमुळे. नव्या डिस्कवर आधी काय पडलंय याचा भरवसा नसतो, म्हणून पॅरिटीचा हिशेब एकदा सगळीकडे जुळवून घ्यावा लागतो. हाच रीसिंक. ॲरे रिकामा असला तरी हे काम होणारच, कारण रेडला वरची फाईल सिस्टिम दिसत नाही. त्याच्या लेखी भरलेली आणि रिकामी जागा सारखीच.

आता ती 'गायब' डिस्क. रेड-५ बनवताना एमडी-ॲडम एक युक्ती करतो: शेवटच्या डिस्कला जणू नंतर आलेली बदली डिस्क समजतो आणि बाकीच्यांवरून वाचून तिच्यावर सरळ लिहीत जातो. सगळीकडे वाचून-तपासून-दुरुस्त करण्यापेक्षा हे लवकर होतं. त्यामुळे काम संपेपर्यंत तीन 'यू' (डिस्क जागेवर) आणि एक अंडरस्कोअर (डिस्क नाही) असं चित्र दिसतं. हे बघून एका स्टुडिओवाल्याने चौथी डिस्क बाहेर काढली, दुकानात नेऊन बदलून आणली आणि परत लावली. नव्या डिस्कवर पुन्हा अंडरस्कोअर! तिसऱ्या डिस्कसाठी तो गाडीला किल्ली लावत होता तेव्हा त्याला माझा नंबर आठवला.

वेळेचा हिशेब स्वतः करा. ४ टीबीची डिस्क, सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद: साधारण साडेसात तास. डिस्कच्या आतल्या भागात वेग उतरत जातो, म्हणून आठ-दहा तास धरा. संध्याकाळी दुकान बंद करताना सुरू करा, सकाळी उरकलेलं असेल.

या काळात ॲरे वापरता येतो, पण संरक्षण अजून लागू झालेलं नसतं. अर्ध्यात दुसरी कुठली डिस्क गेली तर सगळंच गेलं. लग्नाचं एकुलतं एक फुटेज त्याच रात्री तिथे हलवून कार्ड फॉरमॅट करू नका.

रीसिंक चालू आहे, पण गोगलगाय झालीय

कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, रीसिंकच्या वेगाच्या दोन मर्यादा असतात. मुळात किमान १००० आणि कमाल २,००,००० केबी प्रतिसेकंद, प्रत्येक डिस्कमागे. दुसरं कुणी डिस्क वापरत नसेल तर रीसिंक कमाल मर्यादेपर्यंत धावतो. कुणी वापरायला लागलं की तो नम्रपणे बाजूला होतो आणि किमान मर्यादेपर्यंत खाली येऊ शकतो. आता ४ टीबी भागिले १००० केबी करून बघा: सेहेचाळीस दिवस.

हा आकडा नुसता वहीतला नाही. कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग रेड-५ वर अहोरात्र चालायचं, एक मिनिट खंड नाही. ॲरे बनवून तीन आठवडे झाले होते आणि रीसिंक अजून अर्ध्यावरही नव्हता. मालक म्हणत होते डिस्कच खराब आल्या. डिस्क उत्तम होत्या, त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

उपाय फुकट आहे. सिस-सीटीएल या कर्नलची मूल्यं बदलणाऱ्या आज्ञेतून 'स्पीड लिमिट मिन', म्हणजे ती किमान मर्यादा, ५०,००० करा. रेकॉर्डिंग किंवा एडिटिंग त्या काळापुरतं मंद होईल, म्हणून रात्री करा. मशीन रीबूट केलं की मूल्य आपोआप जुन्यावर येतं, आणि ते बरंच आहे.

अधेमधे वीज गेली तर? नीट शटडाऊन झालं असेल तर काम थांबल्या जागेपासून पुढे चालतं. धाडकन बंद पडलं तर शेवटच्या नोंदीपासून, म्हणजे थोडं मागून. आपल्याकडे मे अखेरच्या वळिवापासून चवथीपर्यंत वीज कधी डोळा मारेल याचा नेम नसतो, तेव्हा यूपीएसशिवाय पावसाळ्यात नवा ॲरे बनवायला घेऊ नका. आणि यूपीएस आहे म्हणजे झालं नाही. प्लग काढून, मशीन चालू ठेवून, तो किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघा. तीन वर्षं जुन्या बॅटरीचा यूपीएस बऱ्याचदा नुसता शिट्टी वाजवण्यापुरता उरलेला असतो.

इथेच एक इशारा. आंतरजालावर कुणीतरी सांगतं, 'असूम-क्लीन' हा पर्याय देऊन ॲरे बनवा, रीसिंकची कटकटच नाही. खरंय, कटकट नाही, पण पॅरिटीही नाही. 'हिशेब जुळलेला आहे असं समज' असं तुम्ही मशीनला खोटं सांगता. पुढे छोटं काही लिहिताना मशीन जुन्या पॅरिटीतला फरक तेवढा दुरुस्त करतं, मग मुळात चुकलेली पॅरिटी चुकलेलीच राहते. सगळं झकास चालतं, आणि ज्या दिवशी डिस्क जाते त्या दिवशी तिच्या जागी कचरा परत मिळतो. सगळ्या डिस्क आधी शून्यांनी पूर्ण भरलेल्या असतील तर गोष्ट वेगळी, शून्यांची पॅरिटी शून्यच. पण डिस्क शून्यांनी भरायलाही तेवढेच तास जातात, मग मिळवलं काय?

रविवारचं दुखणं

डेबियन ही लिनक्सची एक जात आणि तिच्या वंशातल्या सिस्टिम महिन्यातून एकदा सगळा ॲरे वाचून तपासतात. जुन्या आवृत्त्यांत ही वेळ पहिल्या रविवारी रात्री १२:५७ ची. नव्यांत तेच काम सिस्टिम-डीचा टायमर करतो. मोठ्या डिस्क असल्या तर रविवार दुपारपर्यंत तपासणी चालते. शनिवारी रात्रभर जत्रेतलं नाटक शूट करून रविवारी सकाळी फुटेज उतरवायला बसणाऱ्याला हे नेमकं आडवं येतं.

वेळ बदला, मधल्या वाराची रात्र ठेवा. बंद मात्र करू नका. कोपऱ्यात पडून राहिलेल्या, वर्षभर कुणी न वाचलेल्या सेक्टरची खबर याच तपासणीत लागते. एरवी ती नेमकी दुसरी डिस्क गेल्यावर लागेल. तपासणी संपल्यावर 'मिसमॅच काउंट', म्हणजे हिशेब न जुळलेल्या जागांचा आकडा, बघा. रेड-५ वर तो शून्य असायला हवा. कुणी असूम-क्लीनचा उद्योग करून ठेवला असेल तर इथे मोठा आकडा दिसून चोर सापडतो.

रीसिंक संपला, तरी दिवे लुकलुकतातच

फाईल सिस्टिम ईएक्सटी-४ असेल तर फॉरमॅट झटपट उरकावं म्हणून ती आयनोडची, म्हणजे फायलींच्या नोंदींची, कोष्टकं लगेच भरत नाही, पहिल्यांदा माउंट झाल्यावर मागच्या दाराने सावकाश भरते. डिस्क कोण वापरतंय ते दाखवणारा आय-ओ-टॉप लावून 'ईएक्सटी-४ लेझी-इनिट' असं नाव दिसलं तर हेच. आपोआप संपतं. पुढच्या खेपेला फॉरमॅट करताना लेझी पर्याय शून्य करा, वेळ एकदाच जाईल.

आणि ती पहिली दोन-तीन मिनिटं सुसाट का? कॉपी आधी रॅममध्ये जमा होते, ती जागा भरली की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो. म्हणून वेग मोजताना रॅमच्या दुप्पट तरी आकाराची फाईल घ्या.

केबल, कनेक्टर, आणि चौघींतली एक आळशी

आता स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या. ॲरेचा वेग सगळ्यात मंद डिस्कइतकाच असतो. आय-ओ-स्टॅट या आज्ञेत चारही डिस्कचा प्रतीक्षाकाळ शेजारी शेजारी बघा. तीन सारख्या आणि एक त्यांच्या पाच-दहापट, तर ती पकडा.

मग तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. १९९ क्रमांकाचा, सीआरसी चुकांचा (डेटा ने-आण करताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर पहिला संशय केबलवर, डिस्कवर नाही. शे-दोनशे रुपयांचं काम. समुद्रालगतच्या गावांत हा दोष मला सारखा भेटतो: खारी हवा, चार महिन्यांचा दमटपणा, आणि कनेक्टरवर बारीक हिरवट थर. केबल बदला, जुनी पुसून परत लावू नका. एकदा वाढलेला आकडा कधीच कमी होत नाही, तेव्हा आजचा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा वाचा.

५, १९७ किंवा १९८ हे खराब सेक्टरचे आकडे वाढत असतील तर डिस्क स्वतःच आजारी आहे. बॅकअप घ्या, मग बदला. याच क्रमाने.

इथे आणखी दोन खोड्या निघतात. पहिली, एसएमआर जातीची डिस्क. तिच्यात लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात. सुरुवातीला चांगली पळते, तिची तात्पुरती जागा भरली की बसते. २०२० साली नॅससाठी (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही या जातीच्या निघाल्या आणि मोठा गदारोळ झाला होता. मॉडेल क्रमांकावरून जात तपासा. रेड-५ मध्ये असली डिस्क नकोच. दुसरी, साधी डेस्कटॉप डिस्क. खराब सेक्टर भेटला की ती हट्टाने मिनिट-मिनिट प्रयत्न करत बसते, आणि लिनक्स ३० सेकंदांत कंटाळून तिला बाद समजतं. रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात आणि बाकीच्या तिघी काम भागवतात. काही डेस्कटॉप डिस्कवर ही मर्यादा स्मार्ट-सीटीएलने लावता येते.

कंट्रोलर कार्ड असेल तर बॅटरी

कार्डावरच्या कॅशला बॅटरी असते. ती मेली की कार्ड 'राइट-बॅक' सोडून 'राइट-थ्रू'वर जातं, म्हणजे प्रत्येक गोष्ट डिस्कवर पोचल्याशिवाय 'झालं' म्हणत नाही. लिहिण्याचा वेग कोसळतो, वाचणं जवळपास पूर्वीसारखंच राहतं. हे असं एकतर्फी मंद होणं दिसलं की आधी बॅटरीची स्थिती बघा. मेनूमध्ये 'बॅटरी नसली तरी राइट-बॅक' असा पर्याय असतो आणि तो टिचकी मारायला फार गोड दिसतो. आपल्या विजेच्या भरवशावर मी तो कधीच लावत नाही.

याच मेनूत 'फास्ट' आणि 'फुल' इनिशियलाइझ असतं. फास्टमध्ये सुरुवातीचे आणि शेवटचे काही एमबी पुसले जातात आणि बाकी काम पार्श्वभूमीवर होतं. फुलमध्ये सगळीकडे शून्यं. भरलेल्या ॲरेवर दोन्ही घातक. डिचोलीच्या एका गृहस्थांनी 'पार्श्वभूमीतलं इनिशियलायझेशन बाकी' हा संदेश वाचला, आणि बाकी आहे तर पुरं करून टाकू म्हणून फुल दाबलं. तीन वर्षांची लग्नं. हो म्हणायच्या आधी कार्ड दोनदा विचारतं. ते दोनदा हो म्हणाले.

पट्ट्यांची कॅश

सॉफ्टवेअर रेड-५ आणि ६ ला 'स्ट्राइप कॅश साइझ' नावाचं एक मूल्य असतं, मुळात २५६. ते ४०९६ करून बघा. खर्च फक्त रॅमचा: ४ केबी गुणिले ४ डिस्क गुणिले ४०९६, म्हणजे ६४ एमबी. छोट्या लिखाणात बऱ्याचदा लगेच फरक दिसतो, नाही दिसला तर मागे घ्या.

बिटमॅप काढून टाकला की वेग वाढतो असंही सांगतात. वाढतो थोडा. पण वीज गेल्यावर कुठला भाग अर्धवट राहिला याची खूण त्या बिटमॅपमध्ये असते, त्यामुळे तासांचा रीसिंक मिनिटांत उरकतो. तो राहू द्या.

आणि आता चंक

पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी एका पानावर किती वाढून पुढच्या पानाकडे सरकतो, तो चंक. एका डिस्कवर एवढं लिहिलं की पुढची डिस्क. सगळ्या पानांवरून एक फेरी झाली की एक पूर्ण पट्टा. काही कार्डं एका डिस्कच्या वाट्यालाच 'स्ट्राइप साइझ' म्हणतात, तेव्हा आकडे ताडताना आपण कशाबद्दल बोलतोय ते आधी बघा. रेड-१ मध्ये चंक हा प्रकारच नाही, तिथे दोन्ही पानांवर तेच वाढायचं असतं.

एमडी-ॲडमचा मूळ चंक पूर्वी ६४ केबी होता. २००९ मधल्या ३.१ आवृत्तीपासून ५१२ केबी झाला. जुन्या लेखांतले सल्ले आणि तुमचं मशीन जुळत नाहीत ते बऱ्याचदा यामुळे.

चार डिस्कच्या रेड-५ मध्ये ५१२ केबीने पूर्ण पट्टा दीड एमबीचा होतो. त्याहून छोटं काही लिहायचं तर पॅरिटी जुळवायला आधी जुनं वाचावं लागतं: दोन वाचनं, दोन लेखनं. छोट्या फायलींचा त्रास मुख्यतः हाच, आणि तो रेड-५ च्या स्वभावातच आहे. चंक ६४ केला तर थोडा कमी होईल, जाणार नाही. डेटाबेस किंवा प्रोजेक्ट फायलींसाठी खरा उपाय म्हणजे वेगळ्या दोन एसएसडींचा रेड-१. व्हिडिओला ५१२ उत्तम. दहा-दहा एमबीच्या फोटोंना चंकचा फरक जाणवणारसुद्धा नाही.

चंकपेक्षा जास्त वेळा चुकतं ते वरच्या फाईल सिस्टिमला चंक माहीत नसणं. ईएक्सटी-४ ला दोन आकडे लागतात: स्ट्राइड म्हणजे ५१२ केबी भागिले ४ केबीचा ब्लॉक, १२८, आणि स्ट्राइप-विड्थ म्हणजे १२८ गुणिले डेटाच्या तीन डिस्क, ३८४. थेट एमडीवर फॉरमॅट केलं तर हे आपोआप घेतलं जातं, कार्डाच्या किंवा व्हर्च्युअल मशीनच्या आडून बऱ्याचदा नाही. ट्यून-टू-एफएस या आज्ञेने नंतरही भरता येतात, डेटा न पुसता. एक्सएफएस ही दुसरी फाईल सिस्टिम ५१२ च्या चंकवर लॉगच्या पट्ट्याची मर्यादा २५६ केबी असल्याचा इशारा देते आणि स्वतःच ३२ वर येते, घाबरू नका. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतंय ना तेही बघा. फार जुन्या साधनांनी ६३ पासून केलेलं असेल तर सगळं तिरकं बसतं.

हे सगळं बघूनही चंक बदलायचाच असेल तर 'ग्रो' आज्ञेने चालू ॲरेवर बदलता येतो. त्याला बॅकअप फाईल लागते, ती त्याच ॲरेवर ठेवायची नाही, आणि काम कित्येक तास, कधी दिवस चालतं. मी स्वतः हे करत नाही. पूर्ण बॅकअप असेल तर नव्याने बनवून डेटा परत भरतो. बॅकअप नसेल तर चंक आहे तसा राहू देतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिस्कमधून टकटक आवाज येतोय. रेड-५ मधल्या दोन डिस्क एकाच वेळी बाद दिसताहेत. ॲरे जुळतच नाही. कार्ड 'फॉरेन कॉन्फिगरेशन' म्हणून 'क्लिअर की इम्पोर्ट' असं विचारतंय आणि तुम्हाला फरक ठाऊक नाही. किंवा हात 'क्रिएट' टाइप करायला शिवशिवताहेत, परत तसाच बनवला की डेटा दिसेल या आशेने. यातलं काहीही असलं आणि बॅकअप नसला, की मशीन बंद. 'एफएससीके' ही फाईल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा चालवू नका, रीसिंक सुरू करू नका, एखादी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून 'फक्त बघू' नका.

बंद केल्यावर, डिस्क बाहेर काढायच्या आधी, प्रत्येकीवर मार्करने तिच्या जागेचा क्रमांक लिहा आणि केबलसकट मोबाइलवर फोटो काढा. चंक, डिस्कचा क्रम, मेटाडेटाची आवृत्ती, यातलं जे आठवतं ते कागदावर. डेटा परत काढणारा माणूस आधी प्रत्येक डिस्कची प्रत घेतो आणि त्या प्रतींवरच काम करतो. तुमच्या समोर थेट मूळ डिस्कवर आज्ञा मारायला लागला तर डिस्क परत मागा. माझ्याकडे मध्यंतरी चार डिस्क भाजीच्या पिशवीत, एकमेकींवर आपटत आल्या होत्या, क्रमांक एकीवरही नाही. चार डिस्क चोवीस प्रकारे लावता येतात. आमचा क्रम एकोणिसाव्या खेपेला जुळला.